काकडमाळच्या पाली

राजकुंवरबाईंनी फ्रिजचं दार लावलं, दोन पावलं मागे सरल्या आणि पुन्हा उघडलं. भाजीच्या कप्प्यात, दुधीभोपळ्याच्या आड, पांढऱ्या कापडाची एक ओली पिशवी होती. ती हलत होती.

"अरिहंत, अरिहंत," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी पिशवीला बोट लावलं. आतून काहीतरी बोटाला ढुशी देऊन गेलं.

सकाळीच त्यांच्या नातीनं, पलकनं, बजावलं होतं. "दादीसा, भाजीच्या कप्प्यात कॉलेजची पिशवी ठेवलीय. हात लावायचा नाही हं." राजकुंवरबाईंना वाटलं, काही औषधबिवषध असेल. आत जिवंत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ज्या घरात बटाटा येत नाही, सूर्य बुडाला की ताट वाढलं जात नाही, पाणी दुहेरी कापडातून गाळल्याशिवाय माठात पडत नाही, त्या घरात कुणी जीव बांधून गारठ्यात घालतं? तेही आपल्या पोटच्या मुलाची मुलगी?

जळगावच्या जैन स्थानकात राजकुंवरबाईंचं नाव होतं ते एवढ्याचसाठी. बाजारात तितर विकायला आले की त्या विकत घेऊन उडवून द्यायच्या. खाटकाच्या दारचा बोकड सोडवून पांजरापोळात पाठवायच्या. मुलगा बन्सीलाल डाळमिल चालवतो आणि त्याची आई जीव सोडवते, अशी थट्टा व्हायची, आणि थट्टा काही खोटी नव्हती. बंधनातला जीव दिसला की बाईंचा हात आपोआप गाठीकडे जायचा.

सून रूपल लग्नाला धुळ्याला गेली होती. बन्सीलाल मिलमध्ये होते. मागच्या अंगणात कामाच्या सुनंदाबाई कपडे पिळत होत्या. विचारायला घरात कुणी नव्हतं, आणि असतं तरी राजकुंवरबाईंनी विचारलं नसतं.

पिशवी पदराखाली धरून त्या मागच्या दारानं बाहेर आल्या. मे महिन्यातलं जळगाव ते. रस्त्यावर माणूस नाही, कुत्री गटारात पोट टेकून पडलेली. अंगणभर शहाबादी फरशी तापून निघाली होती आणि कडुनिंबाची सावली बुंध्याशी गोळा झाली होती. चपलेतूनही चटका लागत होता. बाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यात मोतीबिंदू तसाच. बारीक काही दिसायचं नाही. त्यांनी चाचपून गाठ सोडली, पिशवी उपडी केली. बोटाएवढं राखाडी काहीतरी दोनदा फरशीवर पडलं.

"जा बेटा, जा. सुटलात."

तीन नवकार म्हणून होईपर्यंत त्यांना भोवळ आल्यासारखं झालं. त्या आत आल्या, माठातलं पाणी प्यायल्या आणि समाधानानं आडव्या झाल्या. दोरीवर चादर टाकता टाकता सुनंदाबाईंनी सगळं पाहिलं. मोठ्या बाईंचं हे नेहमीचंच, म्हणून त्या काही बोलल्या नाहीत.

ऊन कलल्यावर पलक कॉलेजातून कॅमेरा घेऊन आली. आल्या आल्या तिनं फ्रिज उघडला.

"दादीसा! पिशवी?"

"सोडले मी दोघांनाही," राजकुंवरबाई पलंगावर उठून बसल्या. "तुझ्यावरचं पाप टळलं बघ. असं पुन्हा करायचं नाही, बेटा."

पलक मागच्या अंगणात धावली. सोडलेले जीव कडुनिंबापर्यंतसुद्धा पोचले नव्हते. सुनंदाबाई पायरीवर बसल्या होत्या, शेजारी वर्तमानपत्राचा तुकडा. त्यावर दोन पाली उताण्या, पाय आखडून, वाळलेल्या.

"मुंग्या लागत होत्या, ताई," सुनंदाबाई म्हणाल्या. "म्हणून उचलून ठेवल्या. तुमच्या कामाच्या होत्या का?"

कामाच्या होत्या का! यावलच्या वर, सातपुड्याच्या पार शेंड्याला, काकडमाळ नावाचा कातळाचा माथा आहे. खाली केळीची पानं उन्हानं फाटत असतात तेव्हाही तिथे पहाटे अंगावर काटा येतो. तिथल्या ओल्या कपारींत बोटभर लांबीची, हळदी गळ्याची एक पाल राहते आणि दुसरीकडे कुठेच राहत नाही. गारवा हाच तिचा प्राण. खालच्या उन्हात ती घटकाभर टिकत नाही. म्हणून तर पलकनं कापड ओलं करून पिशवी फ्रिजात ठेवली होती. संध्याकाळी फोटो काढायचे, मापं घ्यायची, शेपटीचं टोक तेवढं ठेवून घ्यायचं आणि पहाटे जीपनं दोघींना होत्या त्या कपारीत सोडून यायचं, असा तिचा बेत होता. दादीसांना जो छळ वाटला, तीच त्या पालींची सोय होती. करायला गेल्या दया आणि झालं हे.

त्या पालीला अजून नाव नव्हतं. जगातल्या कुठल्याही पुस्तकात ती नव्हती. पलकनं ती शोधली होती, पण नाव द्यायचं तर एक तरी पाल मारून, स्पिरिटच्या बाटलीत घालून, संग्रहालयात कायमची ठेवावी लागते. तिचे मार्गदर्शक झांबरे सर फैजपूरचे, सरळ बोलणारे. "फोटोवर बारसं होत नाही, बाई," ते म्हणायचे. "बाटलीत काय आहे ते दाखव, असं विचारतात."

आणि पलकच्या हातांना बांध घातलेला होता. तिनं प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा घरात केवढा गहजब झाला! शेवटी दादीसांनीच तोड काढली. तिला स्थानकात नेलं, साध्वी महासतीजींसमोर उभं केलं आणि पच्चक्खाण, त्यागाचं व्रत, घ्यायला लावलं. जीव घेणार नाही, दुसऱ्याकडून घेववणार नाही, घेणाऱ्याला बरं म्हणणार नाही. तिन्हींचं पाप सारखंच. कॉलेजात बेडूक कापणं बंद झालेलं होतं, त्यामुळे एम.एस्सी.पर्यंत ते व्रत फुकटात निभावलं. आता गाडी इथे येऊन अडली होती. पुण्याच्या संशोधकांची एक टोळी पावसाळा संपला की काकडमाळ चढणार, अशी बातमी होती. त्यांना कसलं आलंय पच्चक्खाण? ते चार मारतील आणि नाव देऊन मोकळे होतील.

नाव मिळालं की डोंगराला संरक्षण मिळेल, असं पलक सगळ्यांना सांगायची. ते खरंही होतं. पण खोटं कशाला बोला, तिला त्या नावाशेजारी आपलं नाव छापलेलं हवं होतं. डोंगर त्याच्या नंतर. त्या कातळावर गुडघे तिचे सोलले होते.

कागदावरच्या दोन पालींकडे बघून पलक रडली. मनापासून रडली. मग डोळे पुसून खोलीत गेली आणि कपाटातली स्पिरिटची बाटली घेऊन आली.

"गेल्या का गं?" आतून राजकुंवरबाईंनी विचारलं.

"निंबावर चढल्या, दादीसा."

झांबरे सरांना तिनं फोनवर सगळं सांगितलं तेव्हा ते खो खो हसले. "म्हणजे व्रतही शाबूत, कामही झालं! तुझ्या आजीच्या हाताला यश आहे बघ." दोन दिवसांनी त्यांनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, "पण दोन्ही नर आहेत. मादी पाहिजे. मादीशिवाय हे लंगडं."

त्या रात्री जेवण आटोपून दादीसांचे पाय चेपताना पलक म्हणाली, "त्या पालीला मी तुमचं नाव देणार आहे. राजकुंवर."

"पालीला?" बाईंना हसू आलं. मग डोळ्यांत पाणी आलं. "माझं नाव लावून ती डोंगरावर हिंडणार होय गं?"

"हो."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या स्थानकाला कळलं. बायका थट्टा करायच्या, काहीजणी मनापासून हात जोडायच्या. सोडवलेल्या जिवाला सोडवणारीचं नाव, असं भाग्य कुणाला मिळतं? राजकुंवरबाई रोज सकाळी कडुनिंबाच्या बुंध्याशी मातीच्या ताटलीत गाळलेलं पाणी ठेवू लागल्या. वर फांद्यांकडे बघून "खाली या गं" म्हणायच्या. पलक ते खिडकीतून बघायची आणि पडदा ओढून घ्यायची.

ते बिंग फुटलं एका झाडूवरून. स्वयंपाकघरात भिंतीवरची एक साधी घरपाल सुनंदाबाईंनी झाडूनं हाणली. ती ओट्याखाली पडून वळवळत राहिली. राजकुंवरबाईंचा नुसता भडका उडाला.

"हात कसा उठतो गं तुझा? काय बिघडवलं होतं तिनं? कुठल्या जन्मी फेडशील हे पाप?"

सुनंदाबाई ऐकून घेत राहिल्या. पण माणूस किती ऐकेल? झाडू टाकून त्या उभ्या राहिल्या.

"ओ मोठ्या बाई, माले पापपुण्य नका शिकवू. माले बठ्ठं माहीत शे. त्या दोन पाली कोणी मारल्या?"

"कुठल्या?"

"तुम्ही उन्हात टाकल्या त्या. फरशीवर भाजून मेल्या. मुंग्या झटकून मीच कागदावर उचलल्या."

"त्या झाडावर गेल्या. पलकनं पाहिलं."

"झाडावर कशाच्या जातात? ताईंनी बाटलीत भरल्या. विचारा त्यांना." मग बाईंचं तोंड बघून सुनंदाबाई नरमल्या. "जाऊ द्या बाई, मी उगीच बोलली. तुम्ही काय जाणून केलं का?"

राजकुंवरबाईंनी वाकून ओट्याखालची पाल सुपलीवर घेतली, बाहेर नेली. मग कडुनिंबाखालची ताटली उचलली, पाणी मातीत ओतलं आणि ताटली घासून फळीवर ठेवली. त्या दिवसापासून त्यांनी तेला धरला. तीन दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी. रूपल म्हणाली, या उन्हात कशाला, सासूबाई? त्यांनी हातानंच, असू दे, असं केलं. पलकला त्यांनी काहीच विचारलं नाही. पलक तेव्हा घरी नव्हतीही. ती काकडमाळवर होती.

मे संपत आला होता. वर ढग टेकायला लागले की कपारी निसरड्या होतात, मग चढता येत नाही. शेवटच्या दिवशी, अगदी परत फिरताना, तिला मादी सापडली. तिचा गळा पिवळा नव्हता आणि पोट टरटरीत होतं. तिनं ती बॅटरीच्या उजेडात उताणी धरली. पोटाच्या पातळ कातडीआड ज्वारीच्या दाण्याएवढी दोन पांढरी अंडी दिसत होती. अगदी स्पष्ट दिसत होती. तिनं मादी कातळावर टेकवलीसुद्धा. मग पुन्हा उचलली आणि पिशवीत घातली.

खाली उतरून रेंज आली तसा तिनं फोन लावला.

"अंडी दिसतायत?" झांबरे सर ओरडलेच. "अगं, मग तर सोन्याहून पिवळं! आण, आण. इंजेक्शन मी देतो. तू बाहेर उभी राहा."

"नाही सर. ते दुसऱ्याकडून करवणं झालं."

"मग सोडून दे आणि पुण्याच्या लोकांना हार घालायला जा." सर वैतागले. मग हसत म्हणाले, "नाहीतर ठेव नेऊन आजीच्या फ्रिजात."

पलक हसली नाही. जीप यावलहून जळगावकडे निघाली, दोन्ही बाजूंना केळी, आणि ती मांडीवरच्या पिशवीवर बाटलीतलं पाणी शिंपडत राहिली.

सकाळी बन्सीलाल मिलमध्ये गेले, रूपल स्थानकात गेली. पलकनं पिशवी भाजीच्या कप्प्यात ठेवली, अगदी पुढे. आपल्या खोलीत येऊन तिनं लॅपटॉप उघडला. खोलीचं दार सताड उघडं ठेवलं. दादीसांना सांगायचं राहिलंच, असं तिनं मनाशी म्हटलं आणि उठली मात्र नाही. स्वयंपाकघरात फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते लागल्याचा आवाज आला नाही.

मग राजकुंवरबाई तिच्या दाराशी आल्या. तेल्यानं चेहरा ओढलेला. दोन्ही तळहातांवर ती पिशवी.

"या खेपेला हात लावू नका म्हणाली नाहीस."

पलकची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

"विसरलीस?"

"हो, दादीसा."

"असं." त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. "सुनंदानं सांगितलं मला. दोन्ही गेल्या ना तेव्हा?"

पलकनं मान खाली घातली. "तुम्ही नकळत केलंत. नकळत झालेलं पाप हलकं असतं, तुम्हीच म्हणता."

"लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्या दिवशी पाणी गाळायला शिकवलं," राजकुंवरबाई म्हणाल्या. "गाळलं की कापडावर जे जीव राहतात, ते त्याच विहिरीत परत सोडायचे. या विहिरीचे त्या विहिरीत नाहीत. मरतात. साठ वर्षं झाली, रोज करतेय. आणि डोंगरावरचा जीव नेऊन फरशीवर सोडला. इतकी कशी गं मी आंधळी?"

"मी हिला परत वर सोडून येते," पलक म्हणाली. पण ती खुर्चीतून उठली नाही. राजकुंवरबाईंनी जरा वाट पाहिली. त्यांना बारीक काही दिसत नसलं तरी एवढं दिसत होतं.

"हिच्याशिवाय तुझं होणार नाही?"

पलकनं लॅपटॉपचं झाकण मिटलं.

"ते पुण्याचे येणार, ते नाव घेऊन जाणार?"

पलकच्या नाकाचा शेंडा लाल झाला. लहानपणी रडू यायच्या आधी व्हायचा तसा.

"मग ऐक," दादीसा म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, दुपारी स्वयंपाकाला काय करायचं ते सांगताना असतो तसा. "मी हिला अंगणात नेते. माझी मी नेते. तू केलं नाहीस, तू करवलं नाहीस. राहता राहिलं बरं म्हणणं. तर तू काही बोलू नकोस. हो म्हणू नकोस, नको म्हणू नकोस. तुझं पच्चक्खाण मीच घ्यायला लावलं होतं, ते मोडायला नको. तुझं सगळं आयुष्य पडलंय. माझं काय, आता चार दिवस इकडे की तिकडे."

"दादीसा..."

"बोलू नकोस म्हटलं ना."

त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. पिशवीत हालचाल झाली तसा त्यांनी तळवा वरून हलकेच ठेवला, झोपत नसलेल्या मुलाला थोपटतात तसा. खिडकीच्या उजेडात ओलं कापड अंगाला चिकटलं होतं आणि आतल्या फुगलेल्या पोटाचा आकार पलकला दिसत होता. दादीसांना दिसत नव्हता.

दारात जाऊन त्या थांबल्या.

"एवढंच सांग. रविवारी महासतीजींपुढे पापं कबूल करून आलोयणा घ्यायचीय. तिथे आकडा खोटा सांगून चालत नाही, प्रायश्चित्तच लागत नाही मग. मागचे दोन." त्यांनी पिशवी किंचित वर उचलली. "ही एकच आहे ना, बेटा?"

पलकनं पिशवीकडे पाहिलं. मग दादीसांच्या डोळ्यांकडे.

"एकच," ती म्हणाली.

"म्हणजे तीन," राजकुंवरबाईंनी लक्षात ठेवायला पुन्हा म्हटलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि त्या मागच्या दारानं उन्हात गेल्या.